पोटुशी बाईचं पोट दुखतं तेव्हा: काय बघायचं, काय करायचं

मी कोल्हापूरच्या कसबा बावड्याची. सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात गेली, स्टाफ नर्स म्हणून. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या लेकी-सुना दार वाजवतातच, आणि बहुतेकींचं पहिलं वाक्य तेच असतं: "सिस्टर, पोटात दुखायलंय, काय हुतंय बघा की."

यावर मी "किती दुखतंय?" असं विचारत नाही. आपल्याकडच्या बायका दुखणं कमी करूनच सांगतात. सासूबाई समोर बसल्या असतील तर आणखी कमी. मी म्हणते, कुठं दुखतंय ते बोट ठेवून दाखव. मग विचारते, कधीपासनं दुखतंय, सलग दुखतंय की थांबून थांबून, आणि दुखण्याबरोबर आणखी काय होतंय. गरोदरपणात पोट दुखायची कारणं पुष्कळ. त्यातली बहुतेक साधी, मोजकी जिवावरची. ती वेगळी ओळखायची ती या प्रश्नांवरून. दुखण्याच्या जोरावर भरवसा ठेवायचा नाही. गॅसनं गडाबडा लोळणारी बाई मी पाहिली आहे, आणि वार (पिशवीला चिकटून नाळेतून बाळाला पोसते ती) सुटायला लागलेली बाई "जरा जड वाटतंय" म्हणत आपल्या पायानं चालत आलेलीही.

आधी हे वाच

पुढं सांगते त्यातलं एक जरी होत असेल, तर बाकीचं वाचत बसू नकोस, दवाखाना गाठ. रात्र असो, पाऊस असो, घरात कार्य असो.

पोटात दुखतंय आणि अंगावरून रक्त जातंय, मग ते थेंबभर का असेना. पाणमोट फुटल्यासारखं पाणी जातंय. पोट फळीसारखं कडक झालंय आणि मध्ये सैल पडतच नाही. अशा वेळी रक्त बाहेर दिसलं नाही तरी आत वारेमागं साठत असू शकतं. थंडी वाजून ताप आलाय. उलट्या इतक्या की घोटभर पाणीही टिकत नाही. चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी येते. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी झाली आहे. पडलीस, गाडीवरून घसरलीस, पोटाला मार लागला, तर दुखत नसलं तरी दाखवायचं.

आणखी एक आहे, ते बायकांना माहीतच नसतं म्हणून वेगळं सांगते. पाचवा महिना उलटल्यावर उजव्या बाजूला बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखायला लागलं, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, तोंडावर आणि हातांवर सूज आली आहे, तर ती अ‍ॅसिडिटी समजून गोळी खायची नाही. रक्तदाब वाढून त्याचा ताण यकृतावर आलेला असू शकतो. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. जवळच्या उपकेंद्रातही बीपी मोजून मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

गाडीसाठी १०८ ला फोन करायचा. १०२ ची गाडी गरोदर बाई आणि बाळंतिणीसाठीच आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं, बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण हे सगळं मोफत आहे. खर्चाच्या धास्तीनं कुणी घरात कळ सोसत बसू नये. कोल्हापुरात दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, रात्रंदिवस उघडं असतं.

पहिले तीन महिने

पाळी येणार असं वाटावं तशी बारीक ओढ ओटीपोटात जाणवते. गर्भाची पिशवी वाढायला लागलेली असते, त्यामुळं असं होतं. विश्रांती घेतली की थांबते. त्याचं भय नाही.

भय एका गोष्टीचं. गर्भ कधी कधी पिशवीत न रुजता तिला जोडलेल्या नळीत रुजतो. साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात ओटीपोटात एकाच बाजूला दुखायला लागतं, थोडं काळपट रक्त दिसतं, खांद्याच्या टोकाशी दुखतं, घेरी येते. खांद्याशी का, तर पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि तिथली संवेदना खांद्याला जाणवते. नळी फुटली की वेळ फार थोडा उरतो. "अजून दिवस राहिल्याचं कुणाला सांगितलं नाही, तीन महिने झाल्यावर सांगू" ही आपली रीत मला समजते, पण डॉक्टरांना आणि नवऱ्याला तरी पाळी चुकल्याबरोबर सांगायलाच हवं. पहिली सोनोग्राफी लवकर करून घ्यायची ती गर्भ जागेवर आहे ना हे बघायला.

चौथा-पाचवा महिना: जांघेतली चमक

उठताना, कूस बदलताना, शिंकताना जांघेत किंवा ओटीपोटाच्या एका बाजूला खसकन चमक येते आणि क्षणात जाते. पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध ताणले जातात, त्याची ही चमक. उजवीकडं जास्त येते. औषध लागत नाही, उठण्या-बसण्याची पद्धत बदलावी लागते.

अंथरुणातून सरळ उठून बसायचं नाही. आधी दोन्ही गुडघे जोडून एका कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं उठायचं. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की कमरेत थोडं पुढं वाकायचं आणि पोटाखाली हात धरायचा. झोपताना डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि पोटाखाली घडी घातलेली चादर. पाण्याची घागर, गव्हाचं पोतं, वैरणीचा भारा यातलं काही उचलायचं नाही. दुचाकीवर मागं एका बाजूला पाय सोडून बसू नकोस. खड्डा आला की त्या बसण्यात सगळा ताण कमरेवर आणि जांघेवर येतो, आणि आपल्या रस्त्यांचं तुला मी काय सांगू. जमेल तेव्हा रिक्षा.

ही चमक काही सेकंदांत जाते. अर्धा तास टिकली, किंवा उजव्या बाजूला दुखणं वाढतच चाललं आणि सोबत ताप, उलटी, अन्नावरची वासना गेली असं झालं, तर अपेंडिक्स तपासायला पाहिजे. दिवस भरत येतील तसं वाढलेल्या पिशवीमुळं अपेंडिक्स वर सरकतं, त्यामुळं दुखण्याची जागाही नेहमीपेक्षा वर येऊ शकते.

गॅस, जळजळ, पोट साफ न होणं

माझ्याकडं येणाऱ्यांत सगळ्यात जास्त बायका याच दुखण्याच्या. गरोदरपणात वाढणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन पिशवी सैल ठेवतं, ते आतडीही सैल आणि सुस्त करतं. अन्न पुढं हळू सरकतं, मल वाळतो, वारा धरतो. जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते आणि आंबट पाणी वर येतं. त्यात लोहाची गोळी सुरू झालेली असते. मग बरगडीखाली गोळा धरतो, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि वारा सरला की बरं वाटतं. वारा सरून किंवा शौचाला होऊन दुखणं उतरलं तर समजावं की ते पिशवीचं नव्हतं, पोटाचं होतं.

जेवणाचं सांगते. कोल्हापूरच्या बाईला "तिखट बंद कर" म्हणून काही होत नाही, आणि पार बंद करायची गरजही नाही. कांदा-लसूण मसाल्याची आमटी दुपारी जेवलीस तर सहसा काही होत नाही. त्रास होतो तो रात्री नऊ-दहाला तांबड्या रश्श्यावर ताव मारून लगेच आडवं होण्यानं, आणि सकाळी उपाशीपोटी कट घालून मिसळ खाण्यानं. वरचं तेल पोटात फार वेळ थांबतं. रस्सा खायचा तर दुपारी, तर्री बाजूला काढून, पोटभर न खाता. रात्रीचं जेवण आठाच्या आत, हलकं: ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, शेपू किंवा मेथी, वाटीभर ताक. जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. छातीत जळजळत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि जास्त जळतं.

एकदम दोन वेळा भरपूर खाण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी, तेही जेवताना एकदम ढोसायचं नाही, मधल्या वेळी. रात्री भिजवलेले अंजीर किंवा काळ्या मनुका सकाळी. तेवढ्यानं भागलं नाही तर इसबगोल चालतो, पण त्यावर भरपूर पाणी पाहिजे. संध्याकाळी अर्धा तास सावकाश चालणं. रंकाळ्यावर जा, नाहीतर गल्लीत चाल, पण चाल.

एरंडेल घ्यायचं नाही. "पोट साफ होतं, बाळंतपण सोपं जातं" म्हणून आजही देतात. त्यानं जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि अवेळी कळाही सुरू होऊ शकतात. खायचा सोडा किंवा सोड्याची पुडी घडीघडी पाण्यात टाकून पिऊ नकोस, त्यातलं सोडियम बीपी आणि सूज असणाऱ्या बाईला घातक. अँटासिड हवं असेल तर डॉक्टरांना विचार, गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. आणि पोट चोळून घ्यायचं नाही. "नाभी सरकली", "मूल आडवं आहे, फिरवून देते" असं म्हणून पोटावर जोर देणाऱ्या हातांनी वार सुटू शकते.

लोहाच्या गोळीवर बायका फार राग काढतात. पोट दुखलं की पहिली ती बंद. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायची असते. शौचाला काळं होतं, ते लोहामुळं, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घे, लिंबू-पाण्याबरोबर. चहा आणि गोळी यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. तरीही त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतील, पण मनानं बंद करू नकोस. आपल्याकडं गूळ घरोघरी, म्हणून "मी गुळाचा चहा घेते, रक्त वाढतं" असं ऐकू येतं. गूळ चवीला खा, शेंगदाण्याबरोबर खा, पण तो गोळीची जागा घेत नाही, आणि चहा तर लोह अडवतोच.

गंगावेसला दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही कोल्हापूरची शान. "डोहाळे लागलेत, पिऊ दे" म्हणून नवरे हौसेनं नेतात. पोटुशी असताना ते नको. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरियासारखे जंतू येतात, आणि त्यांनी गर्भपात किंवा अवेळी बाळंतपण होऊ शकतं. तेच दूध घरी आणून उकळून पी.

नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या पुष्कळ. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि दिवसभर चहा: जळजळ आणि बद्धकोष्ठता दोन्हींची सोय. देवीचं मनापासून कर, पण जेवून कर. उपवास सोडवत नसेल तर निदान वरी, राजगिरा, ताक, फळं दर दोन-तीन तासांनी, आणि पाणी तोडायचं नाही.

लघवीचं दुखणं

हे वेगळं लिहिते, कारण ते लपवलं जातं. ओटीपोटात जड दुखतं, लघवीला सारखं जावंसं वाटतं, आग होते. कधी आगही होत नाही, नुसतं दुखतं. लघवीत जंतू झालेले असतात. वेळेत औषध झालं नाही तर ते मूत्रपिंडापर्यंत चढतात, कमरेत एका बाजूला सणक येते, हुडहुडी भरते, आणि त्या तापातून दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात.

याला हातभार लावणारी एक गोष्ट म्हणजे लघवी दाबून ठेवणं. ऊसतोडीच्या फडात आडोसा नाही, हुपरीत चांदीच्या कामाला बसलेली बाई तास तास उठत नाही, इचलकरंजीच्या कारखान्यातून सुटल्यावर घरी जाईपर्यंत कळ काढायची. मग त्या पाणीच कमी पितात. मला हे बघून जीव तुटतो. घरातल्यांनी आणि मुकादमानं, मालकानं, पोटुशी बाईची ही सोय आधी करावी. लघवीची तपासणी प्रत्येक भेटीत करून घे, काही होत नसलं तरी. प्रतिजैविकाचा कोर्स दिला तर तो पुरा करायचा, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायचा नाही.

सातव्या महिन्यापासून: कळा खऱ्या की खोट्या

पोट अचानक आवळल्यासारखं घट्ट होतं, मग सैल पडतं. पिशवी अशी अधूनमधून आवळत असते. या खोट्या कळा. त्यांना ठरावीक वेळ नसते, त्या वाढत जात नाहीत, दुखतात थोड्या, आणि जागा बदलली की विरतात. दिवसभर उभं राहिलं, पाणी कमी झालं की जास्त येतात.

तपासायची रीत अशी. लघवीला जाऊन ये. दोन ग्लास पाणी पी. डाव्या कुशीवर पड, पोटावर तळहात पसरून ठेव आणि समोर घड्याळ. पोट कधी घट्ट झालं आणि कधी सैल पडलं ते कागदावर लिही. तासाभरात विरलं तर खोट्या. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत तासात चार किंवा जास्त कळा आल्या, किंवा दर दहा मिनिटांनी यायला लागल्या, कंबर धरली, खाली दाब वाटला, पांढरं पाणी अचानक वाढलं, तर तास पुरा व्हायचीही वाट बघायची नाही. लवकर पोहोचलीस तर बाळाची फुप्फुसं तयार होण्याचं इंजेक्शन देता येतं आणि त्याचा गुण यायला वेळ लागतो. पिशवीचं तोंड पुरतं उघडल्यावर आलीस तर ते हातचं जातं.

दिवस भरल्यावर शहरातल्या बाईनं पाच-पाच मिनिटांनी कळा यायला लागल्या की निघावं. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या आतल्या वाड्यांवरच्या बाईनं इतकं थांबू नये. चंदगडकडच्या कित्येक बायकांना बेळगाव किंवा गडहिंग्लज जवळ पडतं, तर तिथंच नाव घालून ठेवावं. जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि गाव चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडचं असेल, तर पाण्याचा विचार आधी करायचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गही बंद पडला होता. इशारा पातळी यायच्या आधीच शहरात नातेवाइकांकडं, किंवा दवाखान्याजवळ येऊन राहायचं.

बाळाची हालचाल साधारण २८ आठवड्यांपासून रोज मोज. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर दवाखाना.

गोळ्यांबद्दल

पाळीत पोट दुखलं की घ्यायची ती गोळी घरात असते. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन. गरोदरपणात ही जात मनानं घ्यायची नाही. २० आठवड्यांनंतर त्यानं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. मेडिकलवाल्याला गोळी मागताना "मी गरोदर आहे" हे पहिलं वाक्य. शेकायचं असेल तर कोमट पिशवी कमरेला किंवा मांडीला, पोटावर कढत शेक नको.

फोनवर काय सांगायचं

"खूप दुखतंय, लवकर या" एवढ्यावरून पलीकडच्या माणसाला काही ठरवता येत नाही. असं सांग: "सातवा महिना पुरा झालाय, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर. सकाळी सहापासनं ओटीपोटात कळा, दर पंधरा मिनिटांनी. रक्त नाही, पाणी नाही, बाळ फिरतंय. बीपी मागच्या वेळी १३० होतं." आधीचं सिझर झालं असेल आणि त्या टाक्याच्या जागी दुखत असेल, तर ते सगळ्यात आधी सांग, कारण आतला टाका उसवायचा धोका असतो. बोलता येत नसेल तर नवऱ्यानं किंवा सासूनं बोलावं, म्हणून या गोष्टी त्यांनाही पाठ असाव्यात.

माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि आधार कार्ड एकाच पिशवीत, दाराजवळ. ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात जावं, त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कार्डावर रक्तगट लिहिला आहे का ते आजच उघडून बघ. तो निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर पोटाला मार लागल्यावर किंवा अंगावरून रक्त गेल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणूनचं) लागतं का हे तूच डॉक्टरांना विचार.